वायफाय जोडलेलं, पण नेट नाही: फोनच्या सेटिंग्जमध्ये नेमकं काय बघायचं

"वायफाय चालत नाहीये" एवढ्या छोट्या वाक्यात निदान चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कधी फोनला राउटर दिसतच नाही. कधी दिसतो, पण पासवर्ड पटत नाही. कधी पासवर्ड पटतो आणि पुढे "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" इथे गाडी अडते. कधी सगळं व्यवस्थित जोडलेलं असतं, वरचं चिन्ह पूर्ण भरलेलं असतं, तरी व्हॉट्सॲपवर आलेला फोटो काही उघडत नाही. आपण मात्र चारही वेळा एकच उपाय करतो: वायफाय बंद, चालू, परत बंद, परत चालू. अधूनमधून तो लागू पडतो, म्हणून सवय सुटत नाही.

अमुक सेटिंग कुठे आहे हे त्यामुळे नंतर विचारावं. कुठल्या टप्प्यावर अडलंय, ते आधी ठरवावं. ते ठरलं की फोनमधली निम्मी सेटिंग्ज आपोआप बाजूला पडतात.

फोन ते राउटर एवढ्या अंतरापुरतंच वायफाय असतं. राउटरपासून पुढे वायरीतून बाहेर जातं ते इंटरनेट. घरातले नळ आणि पाइप ठणठणीत असले तरी पालिकेने पाणीच सोडलं नसेल तर नळ कोरडाच राहणार, तसं हे आहे. वरच्या चिन्हातल्या भरलेल्या रेघा राउटरची रेंज दाखवतात, नेटचा वेग नाही. म्हणून "रेंज फुल आहे, तरी नेट नाही" यात चमत्कारिक असं काहीच नाही. रेंज घरातली आणि नेट बाहेरचं.

यावरून एक साधी परीक्षा करता येते. त्याच वायफायवर घरातला दुसरा फोन लावून बघा. दोन्ही अडले तर आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये शिरायची गरजच नाही, राउटरकडे जा. फायबर कनेक्शन असेल तर डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाहीये, म्हणजे बहुधा वायर तुटली किंवा वाकली आहे. अशा वेळी फोनवर काहीही केलं तरी साप सोडून भुई धोपटणं होईल. दुसरा फोन चालतोय आणि तुमचाच अडलाय, तर मात्र पुढे वाचा.

पान सापडायचं कसं

अँड्रॉइड एकच असलं तरी प्रत्येक कंपनीने त्याची मांडणी आपल्या मर्जीने केली आहे. पिक्सेल किंवा मोटोरोलावर सेटिंग्ज, मग नेटवर्क आणि इंटरनेट, मग इंटरनेट असा रस्ता आहे. सॅमसंगवर सेटिंग्ज, कनेक्शन्स, वायफाय. शाओमी-रेडमीवर सेटिंग्ज उघडल्या उघडल्या वरच वायफाय दिसतं. आयफोनवरही तसंच.

हे सगळं पाठ करण्यात अर्थ नाही, पुढच्या अपडेटला बदलेल. त्यापेक्षा स्क्रीन वरून खाली ओढा आणि वायफायच्या चिन्हावर बोट दाबून धरा. नुसतं टेकवू नका, टेकवलं तर ते बंद होऊ शकतं. दाबून धरलं की बहुतेक अँड्रॉइड फोन थेट त्या पानावर नेतात. तेही जमलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत वायफाय लिहा. फोनची भाषा मराठी असेल तर मराठीत लिहिलेलंही चालतं. सेटिंग्जमध्ये शोधायची सोय असते हे अनेकांच्या गावीही नसतं.

आयफोनची एक खोड आधीच सांगून ठेवतो. वरून ओढलेल्या कंट्रोल सेंटरमध्ये वायफायचं चिन्ह दाबलं तर वायफाय बंद होत नाही, फक्त चालू नेटवर्क सुटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजले, की फोन परत आपोआप जोडून घेतो. मधेच तुम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलात तरी तेच. खरोखर बंद करायचं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊनच बंद करावं लागतं. २०१७ च्या आयओएस ११ पासून हे असं आहे. "मी बंद केलं होतं, परत चालू कसं झालं?" या प्रश्नाचं हे उत्तर.

नेटवर्कच्या नावामागचं पान

खरा ऐवज मुख्य यादीत नसतो. ज्या नेटवर्कला फोन जोडलाय त्याच्या नावाशेजारी अँड्रॉइडवर दातेरी चक्र असतं, आयफोनवर गोलातलं आय अक्षर. ते दाबलं की त्या एका नेटवर्कची सेटिंग्ज उघडतात. एका नेटवर्कची, हे महत्त्वाचं. ऑफिसच्या वायफायसाठी कुणी काही बदलून ठेवलं असेल तर त्याचा घरच्या वायफायवर परिणाम होत नाही. उलटही खरं.

इथलं सगळ्यात उपयोगी बटण म्हणजे "विसरा", इंग्रजीत फर्गेट. राउटरचा पासवर्ड बदलला की फोन जुनाच पाठवत राहतो आणि राउटर तो नाकारत राहतो. विसरा दाबा, यादीतून नाव परत निवडा, नवा पासवर्ड टाका. टाकताना डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं बघून घ्या. एखादं अक्षर चुकून मोठ्या लिपीत पडलेलं असतं, आणि त्यावरून घरात वादावादी होते.

पासवर्ड बरोबर असूनही "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" यावर फोन अडला, तर तो तिसऱ्या टप्प्यावर आहे. राउटर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक तात्पुरता अंतर्गत पत्ता देतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो. आयफोनवर त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने काही दिलंच नाही आणि फोनने स्वतःच कामचलाऊ पत्ता घेतला, असं समजा. त्या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की बहुधा सुटतं. नाहीच सुटलं तर याच पानावर आयपी सेटिंग्ज बघा. तिथे डीएचसीपी किंवा ऑटोमॅटिक असायला हवं. स्टॅटिक किंवा मॅन्युअल असेल, तर कधीतरी कुणीतरी हाताने पत्ता भरून ठेवला आहे. बंद-चालू करण्याचा घरगुती उपाय कधीकधी का लागू पडतो, तेही इथे कळतं. नव्याने जोडताना फोन परत पत्ता मागतो आणि जवळचा राउटरही परत निवडतो.

आता थोडं कमी माहितीचं, पण हल्ली वारंवार आडवं येणारं सेटिंग. प्रत्येक फोनला कारखान्यातच एक ओळखक्रमांक मिळतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पूर्वी फोन जाईल तिथे हाच क्रमांक दाखवायचा. मॉलला किंवा विमानतळाला त्यावरून सहज कळायचं, की हा फोन मागेही येऊन गेलाय. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला क्रमांक पुढे करतात. बाहेर हे उत्तमच. पण हॉस्टेल, ऑफिस किंवा सोसायटीत "तुमचा मॅक नोंदवा, मगच वायफाय" असा नियम असेल, तर नोंदवलेला क्रमांक एक आणि फोन दाखवतो दुसराच. घरच्या राउटरवर मुलांच्या फोनला रात्री नेट बंद करणारा नियम लावला असेल, तोही असाच फसतो. अशा भरवशाच्या नेटवर्कपुरतं ते बंद करावं. अँड्रॉइडवर गोपनीयता या ओळीत डिव्हाइस मॅक निवडायचं, आयफोनवर प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस बंद करायचं. राउटरच्या यादीत अनोळखी यंत्र दिसून घाबरायला झालं, तर त्या क्रमांकातलं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर क्रमांक बनवलेला आहे. शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी घरातले फोन तपासा.

याच पानावर नेटवर्क "मीटर्ड", म्हणजे डेटा मोजूनमापून वापरायचं, धरायचं की नाही, हेही ठरवता येतं. आयफोनवर त्याच्या जवळपास जाणारं सेटिंग म्हणजे लो डेटा मोड. प्रवासात आपण भाच्याच्या हॉटस्पॉटवर जोडतो. फोनच्या लेखी तेही वायफायच, मग तो खुशाल फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट सुरू करतो. भाच्याच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात, ते दुपारच्या आतच संपतात. अँड्रॉइड पुष्कळदा हॉटस्पॉट स्वतःहून ओळखतो, पण त्याच्यावर विसंबू नका. मीटर्ड करून टाका.

पासवर्ड दुसऱ्याला देताना

पाहुणे आले की राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचायची गरज राहिलेली नाही. अँड्रॉइड १० पासून त्याच पानावर शेअर हे बटण आहे. ते दाबलं की क्यूआर कोड येतो आणि पाहुण्याने कॅमेरा धरला की झालं. आयफोनचा कॅमेराही हा कोड वाचतो. आयफोनमध्ये साठवलेला पासवर्ड बघायची सोय २०२२ च्या आयओएस १६ मध्ये आली. नेटवर्कच्या पानावर पासवर्डची ओळ दाबा, चेहरा किंवा बोट दाखवा, अक्षरं समोर येतात.

फक्त एक ध्यानात ठेवा. त्या कोडमध्ये पासवर्ड कुठल्याही कुलपात नसतो, साध्या अक्षरांतच असतो. कोडचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे पासवर्डच टाकणं. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असेल तर पाहुण्यांना तेच द्यावं.

दोन पट्टे

बऱ्याच घरांत यादीत दोन नावं दिसतात, एकाच्या शेपटीला ५जी असतं. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. ते आहे ५ गिगाहर्ट्झ आणि दुसरं २.४ गिगाहर्ट्झ. २.४ च्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण तिथे गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, शेजारच्या पाचही घरांचे राउटर तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ वरच चालतो. दूध गरम करताना व्हिडिओ अडखळतो तो म्हणूनच. ५ गिगाहर्ट्झ बरंच वेगवान, पण एक-दोन भिंतींत दमतं.

म्हणून राउटरच्याच खोलीत असाल तर ५, आतल्या खोलीत असाल तर २.४. कोकणातलं जांभ्या चिऱ्याचं घर किंवा जुन्या वाड्याच्या जाड भिंती असतील, तर आतल्या खोलीत ५ चा आग्रह धरूच नका. दोन्हींना राउटरने एकच नाव दिलं असेल तर निवड फोन आणि राउटर मिळून करतात, आणि दर वेळी शहाणपणाने करतातच असं नाही. स्मार्ट प्लग किंवा स्वस्तातला कॅमेरा जोडताना ही भानगड हमखास होते, कारण त्यातल्या बहुतेकांना फक्त २.४ कळतं. जोडणी होईपर्यंत फोनही २.४ वर ठेवलेला बरा.

अँड्रॉइडवर नेटवर्कच्या पानावर लिंक स्पीड म्हणून ४३३ एमबीपीएस वगैरे आकडा दिसतो. तो फोन ते राउटर एवढ्याचाच. तुमचा प्लॅन ४० चा असेल तर मिळणार ४० च. हा आकडा दाखवून फायबरवाल्याशी भांडू नका.

जाड भिंतींच्या घरात मोबाइलची रेंजही नसते. त्यासाठी वायफाय कॉलिंग नावाचं सेटिंग आहे आणि ते पुष्कळांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं बंद पडून असतं. चालू केलं की साधा फोनकॉल मोबाइल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. नंबर तोच, डायल करायची पद्धत तीच, वेगळं ॲप नको. भारतात एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. पण शोधायला वायफायच्या पानावर गेलात तर सापडणार नाही, ते सहसा सिमच्या सेटिंग्जमध्ये असतं. गच्चीत उभं राहून बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये आजच चालू करून द्या.

स्टेशनवरचं वायफाय

मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेचं फुकट वायफाय सुरू झालं. तेव्हा रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीबरोबर गूगल होतं, पुढे गूगल बाहेर पडलं आणि रेलटेलने सेवा चालू ठेवली. तिथे, विमानतळावर किंवा हॉटेलात अडचण वेगळीच असते. फोन जोडला जातो, पासवर्ड मागतच नाही, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं पान काही केल्या उघडत नाही.

हे पान उघडतं कसं, ते कळलं की उपाय सुचतो. नव्या वायफायला जोडल्याबरोबर फोन गुपचूप एक छोटी चौकशी पाठवतो. अँड्रॉइड गूगलच्या सर्व्हरला विचारतो आणि २०४ हा रिकामा जबाब अपेक्षित धरतो, आयफोन ॲपलच्या सर्व्हरला विचारतो. अपेक्षित जबाब आला की नेट चालू आहे असं फोन मानतो. जबाबच आला नाही तर "कनेक्टेड, नो इंटरनेट". आणि भलताच जबाब आला तर फोन ओळखतो, की मधे कुणीतरी दार अडवून उभं आहे, आणि ते पान तुमच्यासमोर उघडतो.

ही चौकशी मधेच अडली की पान येत नाही. पहिला संशयित व्हीपीएन, म्हणजे फोनचं सगळं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप. तो बंद करा. दुसरा, अँड्रॉइड ९ पासून आलेलं प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता कुणाला विचारायचा, ते ठरवणारं सेटिंग). ते नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्र ओळीवर असतं. कुणी जाहिराती थांबवायला तिथे एखादं नाव भरून ठेवलं असेल, तर ते ऑटोमॅटिकवर आणा, लॉगिन होऊ द्या, मग परत भरा. तिसरा मोबाइल डेटा. वायफायवर नेट नाही असं वाटून फोन परस्पर डेटावर उडी मारतो, म्हणून दोन मिनिटं डेटा बंद ठेवा. ओटीपीसाठी सिमला रेंज मात्र लागतेच.

लॉगिन झालं, काम झालं, की निघताना त्या नेटवर्कचं ऑटो-कनेक्ट बंद करा. बिनपासवर्डचं नेटवर्क फोन मुख्यतः नावावरूनच ओळखतो. तेच नाव लावून कुणी दुसरीकडे राउटर ठेवला, तर तुमचा खिशातला फोन विश्वासाने जाऊन जोडेल. घरच्या नेटवर्कचं नाव लपवून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. नाव लपवल्याने सुरक्षा वाढत नाही. उलट फोनला जाईल तिथे "अमुक नेटवर्क आहे का" अशी हाक मारत फिरावं लागतं. त्यापेक्षा राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आहे का, ते बघा. आयफोन नावाखाली "वीक सिक्युरिटी" दाखवत असेल, तर राउटर जुन्या पद्धतीवर अडकलाय. हा बदल राउटरमध्येच होतो, फोनमध्ये नाही.

रीसेट सगळ्यात शेवटी

दुकानात फोन नेला की पहिला सल्ला मिळतो, "नेटवर्क रीसेट मारा." मला हा सल्ला आवडत नाही. काम होतं, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. आयफोनवर व्हीपीएनची सेटिंग्जही जातात. फोटो, मेसेज, कॉन्टॅक्ट यांना धक्का लागत नाही. आधी त्या एका नेटवर्कला विसरा, मग फोन बंद करून चालू करा, तारीख-वेळ ऑटोमॅटिक आहे का बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर वायफाय जोडलेलं असूनही सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. एवढ्याने भागलं नाही तर रीसेटकडे जा.

अँड्रॉइडवर ते सिस्टिममधल्या रीसेटच्या पर्यायांत असतं, सॅमसंगवर जनरल मॅनेजमेंटमध्ये, आयफोनवर जनरलच्या तळाशी. तिथे ओळी नीट वाचून दाबा, कारण फोन पूर्ण पुसून टाकणारा पर्यायही त्याच पानावर शेजारी असतो. नेटवर्क किंवा वायफाय हा शब्द ज्या ओळीत आहे तीच आपली. आणि दाबण्याआधी घरच्या वायफायचा पासवर्ड कागदावर उतरवून घ्या, कारण नंतर फोन तो सांगू शकणार नाही.